मोठं झाल्यावर आपली फाईल कोणाकडे? (लघवीची पिशवी, दरवर्षीची दुर्बीण आणि कॅन्सरची भीती)

बेंबीवाली | 3 जुलै, रात्री 11:20

आयडी नवा आहे, पण मी इथे आठ वर्षं आहे. नेहमीच्या नावाने हा धागा काढला असता तर दिवाळी कट्ट्याला सगळे आधी माझ्या पोटाकडे बघतील, म्हणून हा बुरखा.

1988 साली जन्मले तेव्हा माझी लघवीची पिशवी पोटाच्या आत नव्हती. बेंबीखाली, बाहेर, उघडी. ब्लॅडर एक्स्ट्रॉफी म्हणतात. तीस ते पन्नास हजार बाळांत एखादं, आणि त्यातही मुलगे जास्त. आयुष्यात लॉटरी लागली ती ही.

1995 चं एक डिस्चार्ज कार्ड आहे, त्यावरून उतरवते. अक्षर डॉक्टरांचंच, त्यामुळे चूकभूल द्यावी घ्यावी.

1988 – पिशवी आत घेऊन पोट बंद केलं
1990 – यू. एस. (सोनोग्राफी)
1995 – लहान आतड्याचा तुकडा लावून पिशवी मोठी केली, खालचा रस्ता बंद केला, अपेंडिक्स वापरून बेंबीतून नळी घालायची वाट केली

तेव्हापासून दर चार तासांनी बेंबीतून बारा नंबरची नळी घालायची, पिशवी रिकामी करायची, नळी काढायची. आतड्याचा तुकडा आतमध्ये शेंबडासारखा चिकट पदार्थ सोडत राहतो (जेवत असाल तर माफ करा), म्हणून एक दिवसाआड मोठ्या सिरिंजने सलाईन घालून पिशवी धुवायची. तीस वर्षं हे चाललंय. घर माहीमला, नोकरी फोर्टला, नवरा आहे, बोका आहे. रडगाणं गायला धागा काढलेला नाही.

प्रश्न वेगळाच आहे. ज्या सरांनी ऑपरेशनं केली ते लहान मुलांचे सर्जन. मी कॉलेजात गेले तरी त्यांच्याच ओपीडीत, पाळण्याच्या चित्राखाली, मांडीवर पोरं घेतलेल्या आयांच्या रांगेत बसायचे. ते रिटायर झाले. त्यानंतर मी कोणाचीच पेशंट नव्हते. बारा वर्षं. गेल्या महिन्यात तापाच्या निमित्ताने एका यूरोलॉजिस्टकडे गेले तर ते म्हणाले, "दरवर्षी दुर्बीण घालून बघायला पाहिजे, तुमच्यासारख्यांना कॅन्सरचा धोका असतो, कोणी सांगितलं नाही?" नाही हो, कोणी नाही सांगितलं. दुसरं मत घेतलं. ते म्हणाले, काही गरज नाही, लाल लघवी झाली तर या.

आता कोणाचं ऐकू? असलं काही दुर्मिळ घेऊन जन्मलेले, किंवा नंतर झालेले, कोणी आहेत का इथे? तुमच्यावर लक्ष कोण ठेवतं, आणि कसं?

तिरपागडा | 3 जुलै, रात्री 11:41

दरवर्षी दुर्बीण म्हणजे दरवर्षी बिल. सासऱ्यांना "फक्त बघून घेऊ" म्हणून आत नेलं आणि चार दिवसांनी बाहेर सोडलं. दुसऱ्या डॉक्टरांना माझं मत.

पुपोप्रेमी | 3 जुलै, रात्री 11:52

तिरपागडा, तुम्ही प्रत्येक धाग्यात दुसऱ्या डॉक्टरांनाच मत देता. पहिल्या डॉक्टरांचं डिपॉझिट जप्त.

बेंबीवाली, काहीच माहीत नाही, पण वाचतोय.

आयोडीन | 4 जुलै, सकाळी 7:05

मी यूरोलॉजिस्ट आहे, ठाण्याच्या बाजूला. इथे निदान करत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, तरी एवढं लिहितो.

दोन्ही डॉक्टर वेडे नाहीत. आम्ही शिकलो तेव्हा नियमच होता की आतड्याचा तुकडा पिशवीला जोडला की दहा वर्षं मोजायची आणि मग दरवर्षी दुर्बीण. पुढे लोकांनी आपापल्या पेशंटचा हिशोब मांडला. ठरल्या तारखेच्या दुर्बिणीत फारसं काही सापडत नव्हतं. ज्यांना कॅन्सर झाला त्यांना बहुतेक वेळा त्याआधी काहीतरी होत होतं: लाल लघवी, वर्षातून चार-चार वेळा इन्फेक्शन, ओटीपोटात नवं दुखणं, सोनोग्राफीत किडनीला सूज. म्हणून आता बरेच जण दरवर्षी तपासणी, सोनोग्राफी, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), बी-12 करतात आणि यातलं काही दिसलं तरच दुर्बीण घालतात. बी-12 यासाठी की ते जिथून शोषलं जातं ते लहान आतड्याचं शेवटचं टोक. तुकडा साधारण तिथलाच घेतात.

एक्स्ट्रॉफीचा हिशोब मात्र निराळा. तिथे मूळ पिशवीच जन्मापासून बिघडलेली असते. तुम्ही गूगल केलं तर "शेकडो पट धोका" वाचाल आणि रात्रभर झोपणार नाही. चाळिशीच्या आत पिशवीचा कॅन्सर एरवी इतका क्वचित होतो की त्याच्या शेकडो पट म्हणजेही शंभरातले थोडेच. दोन आकडे वेगळे आहेत, गल्लत करू नका. कॅन्सरची जातही वेगळी. एरवी दहातले नऊ पिशवीच्या अस्तराचे असतात. यांच्यात ग्रंथींचा, म्हणजे आतड्याच्या कॅन्सरसारखा दिसणारा जास्त.

आणखी एक. लघवीतल्या पेशी तपासून कॅन्सर शोधायची जी साधी टेस्ट आहे ती तुमच्या कामाची नाही. आतड्याच्या पेशी झडत असतात, पॅथॉलॉजिस्ट बिचारा गोंधळतो. लघवीतले जंतू वाढवून बघायचं कल्चरही जवळजवळ नेहमी पॉझिटिव्ह येणार. ताप नाही, दुखत नाही, तर त्यावर अँटिबायोटिक खाऊ नका.

विडी-सिगारेट?

बेंबीवाली | 4 जुलै, सकाळी 8:50

नाही. (लोकलमधून टाइप करते आहे, चुका पोटात घाला. पोट मोठं आहे.)

कल्चरचं वाचून हसले. बारा वर्षांत किमान पंधरा कोर्स खाल्लेत. दर वेळी फॅमिली डॉक्टर म्हणायचे, "अरे बापरे, केवढे जंतू!"

दुर्बीण घालायची कुठून हाही प्रश्न आहे. खालचा रस्ता बंद. पहिले डॉक्टर म्हणाले बेंबीतून घालू. ती वाट बारा नंबरच्या नळीची. मोठ्यांची दुर्बीण त्यात घुसवली आणि वाट फाटली तर माझं सगळं आयुष्य अडलं ना.

आयोडीन | 4 जुलै, सकाळी 9:30

रास्त भीती. लहान मुलांची बारीक दुर्बीण वापरायची, किंवा मूतखड्याला मूत्रनलिकेत घालतात ती. ज्यांच्याकडे ती नाही त्यांच्याकडे करायचीच नाही, इतकं सोपं.

चाकावरचा | 4 जुलै, दुपारी 1:15

मी जन्मजात नाही, "नंतर झालेल्यां"तला. 2009, हार्बर लाइन, दारातला खांब. कंबरेखाली काही नाही. हात ठणठणीत.

डिस्चार्जच्या वेळी सिस्टरने बेंबीवालीसारखंच शिकवलं होतं, दर चार तासांनी नळी घाला आणि काढा. दीड वर्ष केलं. मग कामाला लागलो. आता मला सांगा, मानखुर्द ते सीएसएमटी या रस्त्यावर व्हीलचेअर आत जाईल, दार बंद होईल आणि नळी ठेवायला कोरडी जागा असेल अशी मुतारी किती? मी सांगतो. ऑफिसातली एक, तीही मॅनेजमेंटच्या मजल्यावर. म्हणून 2011 ला पोटातून कायमची नळी बसवून घेतली. लघवी साठवायची प्लास्टिकची पिशवी मांडीला बांधायची, संपला विषय.

दहा वर्षांनी, नेहमीसारखा नळी बदलायला गेलो तेव्हा एक तरुण रेसिडेंट म्हणाला, काका, कायमच्या नळीला दहा वर्षं झाली, आत एकदा बघून घेऊ. कधी नाही ती गोष्ट. बघितलं तर अस्तर एका जागी पांढरं, कातडीसारखं जाड. बायोप्सीत कॅन्सर नाही, पण "लक्ष ठेवा" असा शेरा. नळी सतत घासत राहते, खडे होतात, जंतू असतात, त्यात अस्तर आपलं रूपच बदलतं म्हणे. तेव्हापासून दरवर्षी जातो. तिरपागडा, माझं बिल पालिकेच्या हॉस्पिटलात होतं, त्या दिवशीच्या वडापावापेक्षा फार जास्त नाही.

तिरपागडा | 4 जुलै, दुपारी 1:40

चाकावरचा, शब्द मागे. तुमच्यापुरते.

लोकलबाज | 4 जुलै, दुपारी 2:02

मुतारीच्या मुद्द्यावर हजार मोदक. 2011 मध्येच मुंबईत बायकांनी "राइट टू पी" सुरू केलं होतं, तेव्हा माझ्या ऑफिसात लोक फिदीफिदी हसले होते. लोकलच्या डब्यात संडास नाही, फलाटावरच्याला कुलूप, आणि किल्ली कोणाकडे ते स्टेशन मास्तरलाही ठाऊक नाही.

बेंबीवाली | 4 जुलै, दुपारी 3:10

चाकावरचा, हात मिळवा. मी चर्चगेटला उतरून ऑफिस गाठेपर्यंत दम धरते. परतीला उशीर झाला तर दादरला मैत्रिणीच्या दुकानात. साड्यांच्या गठ्ठ्यांमागे एक कमोड आहे, तिथे भिंतीला खिळा ठोकून घेतलाय, पर्स टांगायला. मुंबईत माझ्या अशा सात जागा आहेत. नकाशा डोक्यात.

हळदीचा_काढा | 4 जुलै, सायंकाळी 6:20

गोखरू, वरुणाची साल आणि जवाचं पाणी सकाळी अनशापोटी घ्या. मूत्राशयाची शुद्धी होते. दुर्बिणीने पेशी दुखावतात आणि मगच कॅन्सर होतो, हे कोणी सांगत नाही.

आयोडीन | 4 जुलै, सायंकाळी 6:45

कोणी सांगत नाही, कारण तसं होत नाही. जवाचं पाणी प्या, चव चांगली असते.

गिरणगावकर | 4 जुलै, रात्री 9:30

जवाच्या पाण्यावरून आठवलं म्हणून लिहितो, थोडं अवांतर होईल.

आमचे वडील लालबागच्या एका गिरणीत, रंगखात्यात. 31 वर्षं. घरी यायचे तेव्हा नखांच्या कडा निळ्या. आई म्हणायची, यांच्या घामालासुद्धा रंग आहे. संपात गिरणी गेली ती गेलीच. 1994 च्या उन्हाळ्यात त्यांना लाल लघवी झाली. दुखणं शून्य. चाळीत सगळ्यांचं एकमत, उन्हाळी लागली. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, काळ्या मनुका. दोन दिवसांत थांबली. झालं, सब्जाला श्रेय. श्रावणात परत. मग थांबली. मग दिवाळीत गुठळ्या. टाटाला नेलं तोवर भिंतीच्या बाहेर गेला होता. 1996 ला गेले.

टाटाच्या ओपीडीत पहिला प्रश्न विडी ओढता का हा होता, आणि दुसरा, काम काय करता. रंगखातं म्हटल्यावर त्या डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आम्हाला तोवर कोणी, गिरणीत, युनियनमध्ये, कुठेही, या दोन गोष्टींचा संबंध सांगितला नव्हता.

आयोडीन | 4 जुलै, रात्री 10:10

गिरणगावकर, वाचून वाईट वाटलं. हा संबंध 1895 मध्ये जर्मनीत रेन नावाच्या सर्जनने दाखवला होता, रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांवरून. तुमचे वडील जन्मायच्या कितीतरी आधी. बेंझिडीन नावाच्या रसायनापासून केलेल्या रंगांवर आपल्याकडे बंदी यायला नव्वदचं दशक उजाडलं. संपर्क सुटल्यावरही वीस-तीस वर्षांनी उगवतो, म्हणून त्या खात्यातले जे कोणी आज सत्तरीत असतील त्यांनी एकदाही लाल लघवी झाली तर "थांबली" म्हणून सोडू नये. न दुखता झालेली तर नाहीच नाही. थांबणं ही त्या रोगाची सवय आहे.

मीच_ती_कोकणी | 4 जुलै, रात्री 10:35

"उन्हाळी" वाचून राहवेना. रत्नागिरी जिल्ह्यात गिमवी नावाचं गाव आहे. तिथल्या पोरांना लाल लघवी व्हायची आणि तिथेही उष्णताच समजायचे. 1952 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी तपासलं तर लघवीत एका जंताची अंडी. बिल्हार्झिया! इजिप्तमधला आजार, नाईलकाठचा, आणि सापडला कुठे तर आमच्या ओढ्यात. गोगलगायीतून येतो. इजिप्तमध्ये याच जंतामुळे वर्षानुवर्षं पिशवीचा कॅन्सर व्हायचा. ही गोष्ट मी मायक्रोबायोलॉजीच्या तोंडी परीक्षेत सांगितली होती. परीक्षक म्हणाले, कोकणाचं काहीही सांगाल. पुस्तक उघडून दाखवलं.

पुपोप्रेमी | 4 जुलै, रात्री 10:41

मूळ धागा: माझी पिशवी. सध्या आपण: नाईल नदी. पुढचं स्टेशन: पिरॅमिड.

सायली_नऊ | 5 जुलै, सकाळी 10:15

धागा परत आणते.

माझा आजार पिशवीचा नव्हताच. 2012 मध्ये रक्तवाहिन्यांना सूज येणारा एक आजार झाला, किडनीपर्यंत गेला, तेव्हा सायक्लोफॉस्फमाइड दिलं. जीव वाचला. ते औषध लघवीतून जाताना पिशवीचं अस्तर भाजतं. नेफ्रॉलॉजिस्टनी तेव्हाच कागदावर लिहून दिलेलं, "लघवीची तपासणी कायम, आयुष्यभर." दोन वर्षं केली. मग लग्न, विरार, बाळ. कागद माहेरी. काल हा धागा वाचून हिशोब केला, नऊ वर्षं लघवी तपासलेली नाही. आज सकाळी कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये बाटली देऊन आले.

सुलक्षणा_आई | 5 जुलै, सकाळी 11:00

बेंबीवाली, तुमचं वाचून काल रात्री खूप वेळ जागी होते. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, तुमचाच आजार. पहिलं ऑपरेशन परळला झालं आणि टाके सुटले. दुसरं अहमदाबादच्या सिव्हिलमध्ये. तिथे 2009 पासून दर जानेवारीत बाहेरदेशीचे आणि आपले सर्जन एकत्र येतात, फक्त या आजाराची मुलं. एका वॉर्डात तितक्या आया पाहिल्या आणि पहिल्यांदा वाटलं, आपण एकट्याच नाही.

पण तिथे सगळी मुलंच होती. तुमच्या वयाचं माणूस मी पाहिलंच नव्हतं. तुम्ही ऑफिसला जाता, नवरा आहे, बोका आहे, हे वाचून रडले. चांगलं रडले.

एक विचारू? तुमच्या आईने सगळे कागद ठेवले होते का?

बेंबीवाली | 5 जुलै, दुपारी 1:30

काकू म्हणत नाही, ताई म्हणते. मुलाला माझ्याकडून एक हाय-फाय. त्याला सांगा, बेंबीवाल्यांना शाळेच्या सहलीत झाडामागे रांग लावावी लागत नाही.

कागदांचं म्हणाल तर हॉस्पिटलकडे काहीच नाही. मागायला गेले होते. रेकॉर्ड तळमजल्यावर होतं, 26 जुलैच्या पाण्यात गेलं, असं खिडकीवरच्या माणसाने सांगितलं. दुसऱ्या खिडकीवर म्हणाले, इतकी वर्षं ठेवतच नाही. आईकडे एक कार्ड मिळालं, तेच वर उतरवलंय.

वकील_साहेब | 5 जुलै, दुपारी 2:15

दुसरी खिडकी बरोबर. डॉक्टरांच्या 2002 च्या नियमावलीप्रमाणे दाखल पेशंटची कागदपत्रं तीन वर्षं ठेवायची सक्ती आहे, आणि मागितली तर 72 तासांत द्यायची. ज्याला सात-आठ वर्षांचा असताना ऑपरेशन केलं आणि धोका तिशीनंतर, त्याला तीन वर्षांचा काय उपयोग? सुलक्षणाताई, मुलाचे फक्त डिस्चार्ज कार्ड नव्हे, ऑपरेशनची सविस्तर नोंद मागा. अर्ज द्या, पोच घ्या. आजच.

आयोडीन | 5 जुलै, रात्री 9:50

बेंबीवाली, एक गोष्ट दोन दिवस खुपत होती, आज ओपीडीत असताना लक्षात आली.

तुम्ही लिहिलेल्या यादीतल्या तीनपैकी दोन गोष्टी ऑपरेशन आहेत. मधली 1990 ची सोनोग्राफी. ऑपरेशनांच्या यादीत सर्जन सोनोग्राफी कशाला लिहील? आणि ती पाच वर्षं लक्षात ठेवून कशाला लिहील?

कार्डावर "यू. एस." च्या पुढेमागे काय आहे ते अक्षर न् अक्षर लिहाल का?

बेंबीवाली | 5 जुलै, रात्री 10:20

"बी/एल यू. एस. डन 1990." आणि खाली, 1995 च्या मजकुरात शेवटी, "स्टंप्स लेफ्ट." हे दुसरं मला कधी लागलंच नव्हतं, तेलाचा डाग आहे त्यावर. कंसातली सोनोग्राफी माझी, आपल्याकडे सगळे सोनोग्राफीला यू. एस. जी. म्हणतात ना.

आयोडीन | 5 जुलै, रात्री 10:31

आईंना आत्ता फोन करा. झोपल्या असतील तर उठवा. विचारा की दोन वर्षांची असताना लघवीच्या नळ्या मोठ्या आतड्याला जोडल्या होत्या का.

पुपोप्रेमी | 5 जुलै, रात्री 10:33

मी इथेच बसलोय.

बेंबीवाली | 5 जुलै, रात्री 11:25

आई डोंबिवलीला. उठवली.

"अगं हो. तेव्हा तुला लघवी पाठीमागूनच व्हायची ना, संडासावाटे. पाच वर्षं. म्हणून तर बालवाडीच्या बाईंना चिठ्ठी दिली होती, हिला कितीही वेळा सोडा म्हणून. मग सारखा ताप यायला लागला, तेव्हा सरांनी ती जोडणी काढली."

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "काढली ना पण."

मला तेवढं आठवतं, की लहानपणी सारखं पोट बिघडायचं. मला वाटायचं, पोट बिघडायचं.

आयोडीन | 5 जुलै, रात्री 11:50

आईंचा दोष नाही. आम्हीही पुष्कळ वर्षं तसंच समजत होतो.

यू. एस. म्हणजे यूरेटेरोसिग्मॉइडॉस्टॉमी. बी/एल म्हणजे दोन्ही बाजूंनी. किडनीकडून येणाऱ्या दोन्ही नळ्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणाला जोडायच्या. फार जुनं ऑपरेशन. असल्याच एका मुलावर लंडनच्या जॉन सायमनने केलेलं 1852 मध्ये छापून आलंय. पेशंट कोरडा राहतो, अंगावर पिशवी नको, म्हणून आपल्याकडे पुष्कळ झालं.

पण जिथे नळी आतड्याला चिकटते त्या सांध्यावर, साधारण वीसएक वर्षांनी, गाठी यायला लागतात. आणि नंतर नळ्या काढून घेतल्या तरी आतड्यात जे तोकडं टोक राहिलं, "स्टंप्स लेफ्ट" म्हणजे तेच, तिथे धोका राहतो. म्हणून ऑपरेशनला दहा वर्षं झाली की अशांची दरवर्षी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बीण, करायची असते. तुमच्या बाबतीत ते 2000 पासून.

तुम्ही विचारलं होतं दोनपैकी कोणत्या डॉक्टरांचं ऐकू. दोघांनाही कार्डाचं तेवढं वाक्य माहीत नव्हतं. पिशवीची दुर्बीण दरवर्षी की नाही यावर वाद चालू शकतो. मोठ्या आतड्यावर वाद नाही. या महिन्यात करा, आणि करणाऱ्याला आधी सांगा की सांधे कुठे होते. नाहीतर टोक बघून गोंधळेल, किंवा न बघता पुढे जाईल.

तिरपागडा | 6 जुलै, सकाळी 6:40

रात्री वाचलं. झोप नाही. या वेळेस पहिल्या डॉक्टरांना मत. म्हणजे तिसऱ्यांना.

वकील_साहेब | 6 जुलै, सकाळी 9:20

खर्चाची अडचण असेल तर: मुंबईतल्या धर्मादाय हॉस्पिटलांना दहा टक्के खाटा निर्धनांना फुकट आणि दहा टक्के दुर्बलांना निम्म्या दरात ठेवायच्या असतात, हायकोर्टाने 2006 मध्ये तशी योजनाच घालून दिली आहे. हॉस्पिटलच्या समाजसेवकाला भेटा. "कोटा भरला" म्हणाले तर लेखी मागा. बेंबीवालीला लागणार नाही कदाचित, वाचणाऱ्या कोणाला तरी लागेल.

सायली_नऊ | 9 जुलै, दुपारी 12:10

माझा रिपोर्ट नॉर्मल. सहा महिन्यांचा गजर मोबाइलमध्ये लावलाय. गजराचं नाव "बाटली", नवऱ्याने काल विचारलं, कसली?

बेंबीवाली | 23 जुलै, रात्री 8:45

झाली. सगळं सांगते.

आदल्या दिवशी ती पावडर दोन लिटर पाण्यात घालून प्यायची असते. चव म्हणजे मीठ घातलेलं लिंबूपाणी, लिंबू काढून टाकलेलं. दुसऱ्या लिटरला बोकासुद्धा संडासाच्या दाराबाहेर येऊन बसला, काळजीने. इकडे पुढून नळीची वेळ, तिकडे मागून पावडरीची. नवरा म्हणाला, वेळापत्रक लावूया का, दादरसारखं? जलद आणि धीमी.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. कार्ड दाखवलं. "स्टंप्स लेफ्ट" वाचून त्यांनी ते दोनदा उलटून बघितलं, मग मला विचारून मोबाइलवर फोटो काढला. अर्ध्या तासाने जाग आली. उजवीकडच्या जागी काही नाही. डावीकडच्या टोकाजवळ आठ मिलिमीटरची गाठ, तिथल्या तिथे काढली.

रिपोर्ट आज आला. अडेनोमा, म्हणजे तशीच राहू दिली तर पुढे बिघडू शकणारी गाठ. कॅन्सर नाही. पुढच्या कोलोनोस्कोपीची तारीख पुढच्या जुलैची.

आयोडीन, काय लिहू.

आयोडीन | 23 जुलै, रात्री 9:02

पुढच्या जुलैत "झाली" एवढंच लिहा.

पिशवीसाठी वर्षातून एकदा सोनोग्राफी, रक्त, आणि बारीक दुर्बीण एकदा तरी, पाया म्हणून. ती मी करत नाही, जिथे होते तिथलं व्यनि (खाजगी निरोप) केलंय.

सुलक्षणा_आई | 23 जुलै, रात्री 9:15

देवा. साखर ठेवली देवापुढे. आणि हॉस्पिटलने ऑपरेशनची नोंद दिली, अकरा पानं. तीन झेरॉक्स केल्या. एक लेकाच्या बापाच्या कपाटात, एक माझ्या माहेरी, एक लेकाच्या हातात दिली, त्याने तिला वहीसारखं कव्हर घातलंय आणि वर नाव, इयत्ता, तुकडी.

गिरणगावकर | 23 जुलै, रात्री 10:00

रंगखात्यातले वडिलांच्या बरोबरीचे दोघे अजून आहेत, एक करी रोडला, एक बदलापूरला. रविवारी जाऊन आलो. करी रोडवाल्यांना मे महिन्यात "उन्हाळी" लागली होती म्हणे. सोमवारी घेऊन गेलो. तपास चालू आहे.

चाकावरचा | 23 जुलै, रात्री 10:20

गिरणगावकर, काही लागलं तर सांगा. रांगेतले सगळे वॉर्डबॉय ओळखीचे आहेत, चाकांना रस्ता देतात.

पुपोप्रेमी | 23 जुलै, रात्री 10:48

बेंबीवाली, एक विचारतो, राग मानू नका. माहीम, फोर्ट, आणि संडासाच्या दाराशी काळजीने बसणारा बोका. गेल्या वर्षी "बोका दाराशी बसतो, उपाय सुचवा" हा धागा तुमचाच ना?

बेंबीवाली | 23 जुलै, रात्री 10:55

घ्या. आठ वर्षांची अब्रू बोक्याने घालवली.

पुपोप्रेमी | 23 जुलै, रात्री 10:57

दिवाळी कट्ट्याला पोटाकडे बघणार नाही. शपथ.

बेंबीवाली | 23 जुलै, रात्री 11:01

बघ रे. फक्त चारच्या सुमारास दहा मिनिटं गायब होईन, तेव्हा माझ्या ताटातली करंजी सांभाळ.